समतोलाचा खर्च

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या भागातल्या सरकारी कचेऱ्यांच्या वेळा बदलतात. सकाळी आठला काम सुरू, दुपारी दीडला बंद. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा उन्हाच्या जिल्ह्यांपुरताच हा हुकूम निघतो. बंगळूर-म्हैसूरकडच्या कारकुनाला तो लागू नसतो. तिकडून बदलून आलेले अधिकारी पहिल्या वर्षी या सवलतीला हसतात आणि दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच 'हुकूम निघाला का?' अशी चौकशी करू लागतात. कन्नडमध्ये कलबुर्गी-रायचूरच्या पट्ट्याला 'बिसिलु नाडु' म्हणतात, म्हणजे उन्हाचा मुलूख. बीदर पठारावर वसलेले असल्यामुळे त्यातल्या त्यात बरे. पण हुमनाबाद सोडून बस कलबुर्गीच्या दिशेने निघाली की खिडकीत बसल्याबसल्या वारा बदललेला कळतो.

मे महिन्यात कलबुर्गीला बेचाळीस-त्रेचाळीस अंश ऊन पडते. डिसेंबरच्या पहाटे बीदरला शेकोटीशिवाय भागत नाही. आणि या दोन्ही वेळी आपल्या शरीराच्या आत ३७ अंशच उष्णता असते. अर्धा-एक अंश इकडेतिकडे. तीन अंश वर गेली तर माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे. मलाही वाटत नव्हते. ते वाटू लागले एका मुलामुळे, आणि ती हकीकत सांगताना मला थोडी शरम वाटते.

मुख्याध्यापक झालो ते माझे पहिले वर्ष, २०१४. जून लागला होता, पाऊस लागला नव्हता. नव्या अधिकाराचा उत्साह म्हणा किंवा अहंकार म्हणा, प्रार्थनेनंतर मी रोज मुलांना दहा-पंधरा मिनिटे काही सांगत असे. त्या दिवशी विषय होता गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ. सुखात हुरळत नाही, दुःखात खचत नाही, कासव जसे अवयव आत ओढून घेते तसा जो इंद्रिये आवरतो, तो. विषय माझ्या आवडीचा. विनोबांनी १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात याच श्लोकांवर दिलेली व्याख्याने मी विद्यार्थिदशेत वाचली होती. पंधराची पंचवीस मिनिटे कधी झाली ते कळले नाही. मुले पटांगणात 'सावधान'मध्ये उभी होती. नववीच्या रांगेतला एक मुलगा डोलला आणि खाली कोसळला.

मी काय केले? व्याख्यानात व्यत्यय आला म्हणून आधी कपाळाला आठी घातली. मग म्हणालो, "उभे करा त्याला. एवढ्याशा उन्हाने काय होते? मन खंबीर पाहिजे." दोघांनी काखेत हात घालून त्याला उभे केले. तो पुन्हा कोसळला.

आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मग त्याला आडवे करून कडुलिंबाखाली नेले, पाय दप्तरांच्या ढिगावर उंच ठेवले. दोन मिनिटांत मुलगा शुद्धीवर आला. चौकशी केली तेव्हा कळले की तो तांड्यावरून चार किलोमीटर चालत येतो, आई पहाटेच कामाला गेली होती, घरात रात्रीचे काही उरले नव्हते. आदल्या संध्याकाळपासून पोटात फक्त पाणी.

आमच्या शिक्षकांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला जो पाठ दिला तो मी विसरलो नाही. ते म्हणाले, "सर, तुम्ही त्याला स्थिर राहायला सांगत होता. तो स्थिर राहण्यासाठीच तर पडला."

अर्थ असा. ऊन वाढले की शरीर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल करते. आतली उष्णता रक्ताबरोबर बाहेर येते आणि घामावाटे निघून जाते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. रांजणातले पाणी ज्या न्यायाने गार होते तोच हा न्याय. हवा कातडीपेक्षा तापली की मग हा एकच मार्ग उरतो. पण शरीरात रक्त मोजकेच, पाचएक लिटर. ते कातडीकडे गेले की मेंदूच्या वाट्याला कमी येते. त्यात मुलगा निश्चल उभा. चालताना पोटऱ्या आवळतात-सुटतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. 'सावधान'मध्ये तेही बंद. घाम गेलेला, पोट रिकामे. शेवटी मेंदूला रक्त पोचेना, तेव्हा शरीर आडवे झाले. आडवे झाले की हृदय आणि डोके एका पातळीवर येतात, चढण संपते, रक्त पोचते. म्हणजे पडणे हा आजार नव्हता, उपाय होता. आणि मी त्या उपायावरच उठलो होतो: "उभे करा त्याला."

उन्हाची सवय त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त होती, हेही नंतर लक्षात आले. सुट्टीभर तो बापाबरोबर बांधबंदिस्तीच्या कामावर होता. खंबीरपणाची शिकवणी त्याला माझ्याकडून घ्यायची गरज नव्हती.

तेव्हापासून मला प्राण्यांकडे बघण्याचा नाद लागला. आमच्या भागात त्यासाठी लांब जावे लागत नाही. दुपारी तळ्यावर पाहावे. म्हैस पाण्यात गळ्यापर्यंत बसलेली असते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. तिचे कातडे काळे, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. स्वतःचा घाम पुरत नाही म्हणून ती तळ्याकडून उसना घेते. तिच्या शेजारी सीमेच्या दोन्ही बाजूंना मिरवणारी आपली देवणी गाय त्याच उन्हात चरत असते. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो, कावळा चोच उघडी ठेवून बसतो. पाणी उडवायचे, एवढेच ते करत असतात. आणि दगडी बांधावर सरडा. त्याने ही सगळी कटकटच सोडून दिली आहे. सकाळी उन्हात येतो, तापला की सावलीत सरकतो. आत उष्णता धरून ठेवण्यासाठी तो इंधन जाळत नाही, म्हणून त्याला आपल्यासारख्या तेवढ्याच वजनाच्या प्राण्याच्या मानाने दहाव्या हिश्शाएवढे अन्न पुरते. उलट चिचुंद्री. एवढासा जीव, पण रक्त कायम गरम ठेवायचे म्हणून तिला थोड्याथोड्या वेळाने खावेच लागते.

इथे माझी एक गंमत झाली. ज्या कासवाचे उदाहरण मी मुलांना मोठ्या आवाजात देत होतो ते सरड्याच्याच पंगतीतले. आतली उष्णता राखण्याचा खर्च त्याला नाहीच. गीतेच्या दृष्टान्तावर ही टीका नव्हे. तो इंद्रियांविषयी आहे आणि आपल्या जागी चोख आहे. चूक माझी. निग्रहाचा दृष्टान्त मी रिकाम्या पोटावर लावला. त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. तो श्लोक मला पाठ होता. त्या सकाळी आठवला नाही.

आता साखरेकडे येतो. दिवाळी अंकात, समोर करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट असताना साखरेविषयी लिहिणे म्हणजे पाहुण्याच्या पानात कारले वाढण्यासारखे आहे, पण इलाज नाही.

निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी शंभर मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम. एक चमचा! आणि एकटा मेंदू तासाभरात साधारण तेवढीच साखर वापरतो. म्हणजे हा चमचा रोज चोवीस वेळा रिकामा होतो आणि चोवीस वेळा भरला जातो, आणि तपासणीच्या कागदावर मात्र आकडा जागचा हलत नाही. भरतो कोण? यकृत. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने १८५५ च्या सुमारास एका जनावराचे यकृत काढून, साखरेचा अंशही उरणार नाही इतके पाण्याने धुतले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यात पुन्हा साखर! यकृत साखर साठवते आणि लागेल तशी सोडते, हे त्यातून उमगले. जेवण झाले की स्वादुपिंडातले इन्सुलिन साखर आत भरायला लावते. पोट रिते झाले की ग्लुकागॉन ती बाहेर काढायला लावते. यकृतातला साठा शंभरएक ग्रॅमचा, एका दिवसात संपणारा. स्नायूंमध्ये त्याहून मोठा साठा असतो, पण स्नायू तो रक्ताला परत देत नाहीत, स्वतःपुरता वापरतात. अशी माणसेही आपण पाहतो. साठा संपला की यकृत प्रथिने मोडून साखर बनवू लागते, म्हणजे शरीर स्वतःचेच मांस विकून मेंदूचा खर्च भागवते. आकडा तरीही बहुधा सत्तरच्या आसपासच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, काय हा समतोल!

अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या व्यवस्थेला 'होमिओस्टॅसिस' असे नाव दिले आणि १९३२ मध्ये 'द विस्डम ऑफ द बॉडी' या पुस्तकातून ते सर्वतोमुखी केले. शरीराचे शहाणपण. नाव सुरेख आहे. मला मात्र आमच्या बाजूच्या गृहिणीची आठवण होते. महिनाअखेरीला डबे रिकामे असतात, पण पाहुण्याला चहा मिळतो. पाहुणा म्हणतो, "घर कसे नीटनेटके!"

आणखी एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. कोंबडीच्या रक्तात दोनशेच्या वर साखर असते. तो तिचा निरोगीपणा. गाईच्या रक्तात ४५ ते ७५. गाईचा नेहमीचा आकडा माणसाला आला तर हात थरथरतील. कोंबडीचा आला तर डॉक्टर गोळ्या लिहून देतील. उंटाचे तर आणखी वेगळे. श्मिट-नील्सेन यांनी १९५० च्या दशकात सहारात केलेल्या अभ्यासात दिसले की पाणी मिळाले नाही तर उंट आपली उष्णता पहाटे ३४ पर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४१ पर्यंत चढू देतो. घाम वाचावा म्हणून. म्हणजे समतोल हा सर्वांना एकच आकडा नव्हे. ज्याच्या त्याच्या पोटापाण्याप्रमाणे तो ठरतो, आणि टंचाईत बदलतोही. आपल्याला ताप येतो तेव्हाही शरीर मुद्दाम आपला आकडा वर सरकवते. बिघाडासारखे दिसणारे सगळेच बिघाड नसते.

बर्नारचे म्हणणे असे होते की आतले वातावरण स्थिर असेल तरच प्राणी बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या दस्तऐवजात उर्दू अशा आमच्या जिल्ह्यात हे वाक्य वाचताना मन लगेच भाषेकडे धावते. ज्या मुलाच्या घरी एक भाषा नीट नांदते तो दुसरीला भीत नाही, हा माझा अनुभव आहे. पण उपमा ताणू नये. मूळ मुद्दा खर्चाचा आहे.

एकावन्नाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. बातमी गावात पसरली तेव्हा भेटेल तो म्हणे, "सर, गोड फार खाल्लं असेल." माझ्या वडिलांना होता, आजोबांनाही असावा. पण लोकांच्या बोलण्यात कीव कमी आणि निवाडा जास्त. "मन खंबीर पाहिजे" हे माझेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे परत येत होते.

पुढे एकदा दहावीच्या परीक्षेची गडबड होती. सकाळची गोळी घेतली आणि जेवायला तीन वाजले. एका रजिस्टरवरून मी आमच्या शिपायावर असा काही ओरडलो की वऱ्हांड्यातली पोरे थांबली. तोंडाला येऊ नये ते शब्द आले. मग हात कापू लागले, कपाळ घामाने डबडबले. कोणीतरी ओळखले आणि साखर घालून चहा दिला. दहा-पंधरा मिनिटांत साखर चढली तसा राग उतरला. रजिस्टर माझ्याच टेबलावर होते.

मी माफी मागितली. शिपाई म्हणाला, "जाऊ द्या सर. तुमची शुगर आहे ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो राग माझा होता की साखरेचा? साखरेचा म्हणावा तर माझी शांती तरी माझी कशी? एरवी मी जो संयमी म्हणून ओळखला जातो, तो वेळेवर जेवणारा मनुष्य आहे. एवढाच माझा संयम? उलट तो राग सर्वस्वी माझाच म्हणावा तर तो एका चहाने नाहीसा का व्हावा? नीतिशास्त्राची पुस्तके एम.ए.ला वाचली होती; त्यांतला कर्ता नेहमी जेवून आलेला असतो.

आमच्या विज्ञान शिक्षकांशी यावर पुष्कळ वाद झाला. ते म्हणत, "असे धरून चालले तर कोणाला कशाचाच दोष देता येणार नाही. शाळेला शिस्त राहील का? आणि शरीरालाही वळण लागतेच. आठवडा-दोन आठवडे रोज थोडेथोडे उन्हात काम केले तर घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते. सवय ही काही खोटी गोष्ट नाही." मला त्यांचे पटते. शिस्त खोटी नाही. पण ती सवयसुद्धा पाणी पीत, खात, बेताबेताने लागते. कोणी ओरडले म्हणून एका सकाळीत लागत नाही.

मी स्वतःपुरता काढलेला तोडगा असा. ऐन घसरणीच्या क्षणी माणसाला जबाबदार धरणे फोल आहे. तेव्हा तो सुकाणूवर नसतो. जबाबदारी त्या क्षणाच्या आधी असते. माझी गोळी, माझे जेवण, माझ्या खिशातली गोळीबिस्किटे हे माझ्या हातात होते. म्हणून शिपायाची मागितलेली माफी खरी होती, आणि 'शुगर आहे' ही सबब मला घेता येत नाही. त्या मुलाच्या हातात मात्र काय होते? घंटा मी ठरवली होती, जागा मी ठरवली होती, पंचवीस मिनिटे माझी होती. भाकरी त्याच्या हातात नव्हती. त्या सकाळचा हिशेब मांडला तर सगळे येणे माझ्याकडे निघते.

आमच्या मातीत यासाठी एक शब्द आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आपल्या बसवकल्याणला, शरणांनी 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द जोडीने वापरले. कायक म्हणजे श्रम. दासोह म्हणजे दान नव्हे. देणारा स्वतःला दास समजून देतो, घेणाऱ्यावर उपकार नाहीत. २००२ साली कर्नाटकाने शाळेतले दुपारचे जेवण सुरू केले ते आधी आमच्यासारख्या ईशान्येकडच्या सात जिल्ह्यांत, आणि योजनेला नाव दिले 'अक्षर दासोह'. नाव ठेवणाऱ्याला तो अर्थ पुरता ठाऊक असावा. डिसेंबर २०२१ मध्ये मुलांना अंडी देणे सुरू झाले तेही आधी याच भागात, कारण कुपोषण इथे जास्त. अंड्यावरून वाद बराच झाला. ज्यांच्या घरी दुपारच्या जेवणाची चिंता नव्हती अशांचा आवाज त्यात मला जास्त ऐकू आला.

तो मुलगा मला गेल्या वर्षी भालकीच्या बसस्थानकावर भेटला. आता गवंडीकाम करतो. पाया पडला. मी ती गोष्ट काढली, चुकलो म्हणालो. तो संकोचला. म्हणाला, "तुम्ही काय सांगत होता ते ध्यानात न्हाई सर. खाली पडल्यावर लई बरं वाटलं होतं, तेवढं आठवतं."

शाळेत आता प्रार्थना कडुलिंबाखाली होते, मुले बसून घेतात, मी पाच मिनिटांच्या वर बोलत नाही. वर्गशिक्षक हजेरीबरोबर 'कोण न खाता आले' हेही विचारतात. मुले खरे सांगत नाहीत असा अनुभव आहे, म्हणून विचारण्याआधीच चुरमुरे-गूळ ठेवण्याची पद्धत पाडली. त्याचा खर्च कोणत्या सदराखाली टाकावा याविषयी हिशेबतपासनिसांशी पत्रव्यवहार चालू आहे.

यंदा मे महिन्यात शाळेसमोरच्या रस्त्याचे डांबरीकरण झाले. कचेऱ्या दीडला बंद झाल्या, मी घरी निघालो, आणि समोर डांबराच्या पिंपाजवळ बायका पाट्या उचलत होत्या. रोजगार हमीच्या कामांवर उन्हाळ्यात मापात सूट देणारे हुकूम आमच्या विभागासाठी निघालेले मी पाहिले आहेत. हे काम ठेकेदाराचे होते. मुकादमाला म्हटले, चारनंतर करा की. तो म्हणाला, "सर, डांबर गरम असतानाच टाकावं लागतं, आणि गाड्या माझ्या हातात न्हाईत. पाण्याची सोय होईल का तेवढं सांगा." शाळेचे फाटक उघडून दिले. रांजण दोन तासांत रिकामा झाला, पुन्हा भरला. त्यातली एक बाई पाणी पिऊन व्हरांड्यात जरा आडवी झाली, तेव्हा मुकादम तिला हाक मारणार होता. मी त्याला थांबवले. दहा मिनिटे. नंतर ती आपणच उठली आणि पाटी घेऊन गेली.